उपरण्याखालचं एक बोट

तात्या, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या, मग बाकीचं बोलू. त्या दिवशी उपरण्याखाली तुम्ही माझं एकच बोट धरलंत. ते खरं होतं की खोटं?

काल तुमचा तेरावा झाला. पंगती उठल्या, पाहुणे चाकणच्या नि आळंदीच्या वाटेला लागले, आणि मी ओसरीवर बसून आक्कांची समजूत काढायला गेलो. म्हणालो, "आक्का, एक बरं झालं, तात्यांना फार सोसावं लागलं नाही. आदल्या दिवशी मी त्यांचा हात घेतला होता, एकच बोट धरलं त्यांनी." आक्का तांब्या विसळत होत्या, त्यांनी तो तसाच खाली ठेवला. "येकच? मिस्तरी, त्याच्या आदल्या राती बी आन् त्या राती बी माजी पाची बोटं चुरून काढली त्यांनी. ह्ये बगा, अजून करंगळी मिटत न्हाई."

मला असा राग आला म्हणता! मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. पण तुमच्यावर रागवायची मला इतक्या वर्षांची सवय, ती तेरा दिवसांत कशी जाणार? बायकोला पाच आणि मला एक? दलाल तो दलालच, म्हटलं मनात. तिथेच तोंड फिरवून सायकलवर बसलो आणि भोसरीपर्यंत एकटाच तुमच्याशी भांडत गेलो. रात्री रडलोही, पण ते नंतर.

आपली गाठ कशी पडली हे लोक अजून विचारतात. पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहायला लागले तेव्हा मी कऱ्हाडकडून आलो, टर्नर म्हणून लागलो. लेथवर उभं राहून राहून कंबर अशी धरली की मोरीत वाकून चूळ भरता येईना. गोळ्या झाल्या, शेक झाला, बिब्ब्याचा चटका झाला. मग पाळीतला कोणीतरी म्हणाला, मोशीत बैलांचा एक दलाल आहे, म्हातारा, तो आसनं शिकवतो. बैलांचा दलाल आणि आसनं! हसायला गेलो तर कंबरेत चमक भरली. म्हणून रविवारी गुपचूप सायकल काढली.

इंद्रायणीच्या अलीकडे तुमचं खळं. मळणी होऊन गेलेली, शेणानं सारवलेली जमीन परातीसारखी गुळगुळीत. तुम्ही मधल्या तिवड्याला, मळणीचे बैल बांधायच्या त्या खांबाला, टेकून बसलेले, खांद्यावर ते विटकं उपरणं. मी काही सांगायच्या आत म्हणालात, "चाला."

"कुठे?"

"हितनं त्या बाभळीपत्तूर. आन् माघारी."

चाललो. परत आलो तर पुन्हा पाठवलंत. मग म्हणालात, आता जरा पळत. कऱ्हाडचा माणूस मी, उचलली जीभ लावली टाळ्याला. "अहो, मी काय बाजारात उभा केलेला बैल आहे का?"

तुम्ही हसलात सुद्धा नाहीत. "बैल असता तर सोपं हुतं, मिस्तरी. बैल दुखणं लपवत न्हाई. लपवतो त्यो मालक. कंबर दुखतीया म्हनता, पर जपताय उजवी टाच. दिसभर त्याच पायावर हुबं ऱ्हाता व्हय?"

राहत होतो. लेथवर डावा पाय नुसता टेकवायचा, भार सगळा उजव्यावर. हे माझ्या फोरमनला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

तेव्हापासून ते खळं माझ्या मागे लागलं. शिकायला काय होतं म्हणाल तर पुष्कळ दिवस काहीच नव्हतं. नुसतं आडवं व्हायचं आणि उठायचं. "निरोगी जनावर उठलं की आदी आंग ताणतं," असं तुमचं म्हणणं. "ज्ये ताणत न्हाई त्याच्या दाव्याला हात लावू ने." मग तुम्ही आम्हा पाळीवाल्यांना वासरासारखं उठायला शिकवलंत. आधी गुडघे, मग पाठ, मग मान, मग सगळं अंग लांब. पुढे भुजंगासन, पवनमुक्तासन सगळं आलं, नावांसकट आलं, पण ते उठणं सुटलं नाही. तुम्ही स्वतः कधी पद्मासनात बसला नाहीत. खुबा एका बैलानं निखळवलेला, पाय वळायचाच नाही. मी विचारलं होतं, ज्याला स्वतःला मांडी घालता येत नाही त्यानं दुसऱ्याला आसन शिकवावं का? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तुम्ही म्हणालात, "मी जल्मात नांगूर वढला न्हाई, तरी बैल पारखलेच की." यावरचं उत्तर सुचलं की सांगीन. सुचलं की सांगीन.

आणि ते उपरणं.

चाकणच्या बाजारात बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत, हे मला तुमच्यामुळे कळलं. घेणारा नि दलाल एकमेकांचा हात धरतात, वर उपरणं टाकतात, आणि आत बोटं धरून सौदा होतो. भोवती शंभर माणसं उभी असोत, भाव त्या दोन हातांनाच ठाऊक. तुम्ही तेच खळ्यावर आणलंत. चालून झालं की माणूस समोर बसवायचा, हात हातात घ्यायचा, उपरणं टाकायचं, आणि विचारायचं, "किती दुखतंय?" थोडं असेल तर तुमचं एक बोट धरायचं. जीव नकोसा झाला असेल तर पाची. काहीच नसेल तर हात नुसता उघडा ठेवायचा.

मला आधी हा पोरखेळ वाटला. मग हळूहळू दिसलं. आम्ही बहुतेक कारखान्यातले, एकमेकांसमोर दुखतंय म्हणणार कसं? सुपरवायझरच्या कानावर गेलं तर हलकं काम देतात, नाहीतर घरी बसवतात. खळ्यावर येणारे देहूरोडच्या लष्करी डेपोतले ते दोघे पहारेकरी तर दुखणं हा शब्दच बायकी समजायचे. आणि तुमच्या मोशीचा म्हादू पैलवान! आख्ख्या पंचक्रोशीत ज्याची मांडी थोपटलेली ऐकू यायची, तो चारचौघांत म्हणणार होता का, की गुडघा गेलाय? ताकाला जाऊन भांडं लपवणारे आम्ही सगळे. तुम्ही ते भांडं उपरण्याखालून अलगद काढून घ्यायचा.

पण एक गोष्ट मला कधी कळली नाही. बोटं धरून झाली, उत्तर मिळालं, तरी तुम्ही उपरणं काढायचा नाहीत. हात तसाच धरून इकडचं तिकडचं बोलत बसायचा. औंदा कांदा कसा हाय, नदीला पाणी किती, कोणाची म्हैस व्याली. खाली हाताला घाम सुटायचा. मी एकदा म्हणालोच, "तात्या, सौदा झाला ना? सोडा की हात." तर म्हणालात, "बाजारात घाई करनारा फसतो, मिस्तरी." मला वाटलं, म्हातारपणची बडबड.

त्या बडबडीपायीच कारखान्याच्या स्नेहसंमेलनात माझी शोभा झाली. आठवतं? मीच तुम्हाला नेलं होतं. मोठ्या तोंडानं सांगितलं होतं सगळ्यांना, आमचे गुरू येणार, प्रात्यक्षिकं होणार. पडदा वर गेला. पेट्रोमॅक्स सूं सूं करतायत, पुढच्या खुर्च्यांवर साहेबलोक, मागे सगळी पाळी. लोकांना वाटलं आता माणूस डोक्यावर उभा राहील, पाय मानेत अडकवील. तुम्ही काय केलंत? मॅनेजरसाहेबांना वर बोलावलंत आणि म्हणालात, "चाला." ते बिचारे हसत हसत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. मग त्यांना सतरंजीवर बसवून, हात हातात घेऊन, वर उपरणं टाकून तुम्ही कांद्याचं बोलत बसलात! पाच मिनिटं झाली, दहा झाली. मागून शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी ओरडलं, "बैल कितीला दिला?" शेवटी पडदा पाडावा लागला.

येताना मी रस्ताभर तुम्हाला शिव्या देत होतो. तुम्ही सायकलच्या कॅरिअरवर बसलेले. "एक शीर्षासन करून दाखवलं असतं तर काय जीव गेला असता?" म्हणालो.

"ह्या खुब्यानं? गेला बी असता."

"बरं, निदान सांगा तरी, साहेबांनी किती बोटं धरली?"

"बाजारातला भाव बाजारात," म्हणालात. साहेब मात्र त्यानंतर कधीमधी रविवारी जीप घेऊन मोशीकडे जाताना दिसायचे. कशाला ते मी विचारलं नाही. म्हणजे विचारलं, तुम्ही सांगितलं नाहीत.

तुमच्याकडून काही खरं काढून घेणं म्हणजे दगडातून पाणी काढणं होतं, तात्या. तुमचा गुरू कोण? मला म्हणालात, आळंदीच्या घाटावर एक गोसावी भेटला होता. डेपोतल्या पहारेकऱ्याला सांगितलंत, सर्कशीतला एक मद्रासी. म्हादूला सांगितलंत, पलटणीत मालिश करणारा हवालदार. तिघं एकत्र बसलो तेव्हा उघडकीला आलं आणि मी तुम्हाला धरलं. तर म्हणालात, "ज्याला ज्यो पटंल त्यो त्याचा." हे काय उत्तर झालं? आक्कांना विचारलं तर त्या हसल्या. "कसला गुरू न् काय! खुबा मोडला तवा आख्खा पावसाळा गोठ्यात पडून हुते. वासरू उठायचं तसं ह्ये उठायला बगायचे. मी शेन भरायला गेली की लाजून निजायचे परत." मला हेच खरं वाटतं. पण आक्काही तुमच्याच घरातल्या. कुणाचा भरवसा धरावा?

म्हणूनच तर आपलं ते भांडण कधी मिटलं नाही. तुमचं ठाम मत, की तोंड खोटं बोलतं, बोट बोलत नाही. "आरं, म्या तोंडानं लंगडा बैल धावणारा म्हनून सांगितलाय, आयच्या खोट्या शपता घेतल्यात. पर बोटानं कवा येका आन्याचं खोटं केलं न्हाई." आणि माझं म्हणणं, की माणूस आहे तो, जिथे संधी मिळेल तिथे खोटं बोलेल. झाकली मूठ सव्वा लाखाची! उपरण्याखाली काय तो हरिश्चंद्र होतो? तुम्ही नुसती मान हलवायचा. मला ती मान हलवणं सहन व्हायचं नाही. जिंकलात की हरलात तेच कळायचं नाही.

मग तुम्ही अंथरूण धरलंत. पोटात काय होतं ते वैद्यालाही नीट सांगता आलं नाही. मी म्हणालो, पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेतो, कारखान्याची गाडी मागून आणतो. तुम्ही म्हणालात, "बाजार उठत आला, आता जनावर कशाला फिरवायचं?" आक्का पदर तोंडाला लावून आत गेल्या. त्या दुपारी मला दुसरी पाळी होती. जाता जाता थांबलो. तुमची चाल बघायची सोय राहिली नव्हती, म्हणून उशाचं उपरणं घेतलं, तुमचा हात हातात घेतला, वर टाकलं आणि म्हणालो, "तात्या, आता खरं सांगा. किती?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी विचारणारा होतो. तुमचा हात हलका झाला होता, वाळलेल्या कणसासारखा. तुम्ही माझं एक बोट धरलंत. बघा, म्हणजे एवढंच ना, म्हणून मला बरं वाटलं. तोच तुम्ही दुसऱ्या हातानं उपरणं ओढून बाजूला सारलंत. "जावा आता. पाळी चुकंल." मी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला.

आता आजचं सांगतो, कारण आज रविवार आहे.

खरं तर जायचंच नाही असं ठरवलं होतं. खोटारड्या माणसाच्या खळ्यावर कशाला जा? पण सकाळी उठलो, अंग ताणलं, आणि ताणताना लक्षात आलं की हे कुणी शिकवलं. गेलो. खळ्यावर सहासात जण घुटमळत होते, कुणालाच काय करावं कळत नव्हतं. आक्कांनी धुऊन घडी केलेलं उपरणं आणून माझ्या हातात ठेवलं. मी म्हणालो, "आक्का, मला जमायचं नाही." त्या तशाच उभ्या. दिलेलं परत घेणाऱ्यातल्या त्या नव्हेत, तुम्हाला माहीत आहे.

म्हादू पैलवान पुढे आला. मी म्हणालो, "चाल." तुमच्यासारखं नाही जमलं, जरा ओरडल्यासारखंच झालं. तो बाभळीपर्यंत गेला नि आला. तात्या, तुमच्याइतकी नजर मला नाही, पण आंधळ्यालाही दिसलं असतं. डावा गुडघा नुसता फरपटत होता. वळताना त्यानं ओठ चावला. मी समोर बसवला, हात घेतला, उपरणं टाकलं. "किती?"

त्यानं माझं एक बोट धरलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. अरे लबाडा! पाची बोटांचं दुखणं डोळ्यांनी बघितलंय मी, आणि एक धरतोस? तोंडापर्यंत आलं होतं. पण त्याच क्षणी कळलं, की हा तुमचंही एकच धरत असणार. इतके महिने. आणि तुम्ही त्याला आधी चालताना बघितलेलं असणार. म्हणजे तुम्हाला माहीत होतं! बोटं खोटं बोलतात हे माझ्याआधी तुम्हाला माहीत होतं, आणि तरी माझ्यासमोर मान हलवत बसलात. मग हात घ्यायचाच कशाला, तात्या? चालीत सगळं दिसत असताना?

हात धरून तसाच बसलो. सगळे बघत होते. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "औंदा कांदा कसा काय?"

"बरा हाय," म्हादू म्हणाला. "पानी कमी पडलं."

"मोट चालू आहे?"

"एकच बैल हाय न्हवं. दुसरा गेल्या साली..." तो थांबला. आणि उपरण्याखाली त्यानं माझं दुसरं बोट धरलं.

मी हललो नाही. म्हैस कधी व्याली ते विचारलं. तालमीला नवी माती कुठून आणणार ते विचारलं. बऱ्याच वेळानं तिसरं बोट आलं. चांगला पहाडासारखा माणूस, मान खाली घालून बसला होता. मी उपरणं काढलं नाही. हाताला घाम सुटला तरी काढलं नाही.

तात्या, तेव्हा मला तुमची बडबड कळली. आणि तो एक दिवस कळला. उभ्या जन्मात कुणाच्या हातावरचं उपरणं तुम्ही घाईनं काढलं नव्हतंत. माझ्याच हातावरचं काढलंत. ते थोडा वेळ राहिलं असतं तर दुसरं बोट आलं असतं, मग तिसरं, मग पाची, आणि मग मी पाळीला गेलो नसतो, तुमच्या उशाशी ऊर बडवत बसलो असतो. ते एक बोट खरं होतं. पहिलं होतं, एवढंच. भांडण मी हरलो, घ्या. पण मला एका बोटाचाच समजलात याचं वाईट वाटतं ते वाटतंच. आक्कांना पाच दिलीत, मला दोन तरी द्यायची होती.

म्हादूला उठायला शिकवलं, गुडघ्यावर भार न देता, कुशीवरून. बाकीच्यांचं झालं. सगळे गेल्यावर उपरण्याची घडी केली, आक्कांच्या हातात दिली, आणि खळ्याच्या कडेला लावलेल्या सायकलीकडे निघालो. मागून आवाज आला.

"मिस्तरी, उजवी टाच जपताय."

मी म्हणालो, "नाही हो आक्का, बरा आहे मी."

"या हिकडं."

इतकी वर्षं ही बाई दारात उभी राहून आम्हा सगळ्यांना चालताना बघत होती, आणि तीही पारखायला शिकली असेल हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. तिवड्यापाशी बसल्या, मला समोर बसवलं. माझा हात घेतला, तुम्ही चुरलेल्या त्या हातानं, करंगळी अजून ताठ. वर उपरणं टाकलं.

"किती?"

मी एक बोट धरलं. आक्का माझ्याकडे बघतही नव्हत्या. नदीकडे तोंड करून कांद्याचं बोलायला लागल्या.